'रीढ़' ही कविता नेमकी कोणाची? अनुवादक गुलजार यांची फारशी न सांगितलेली गोष्ट

पावसाळ्यात कुठे पूर आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक हिंदी कविता हमखास फिरायला लागते. पुरात घर वाहून गेलेला एक माजी विद्यार्थी भर पावसात आपल्या सरांकडे येतो. काय काय गेलं ते हसत हसत सांगतो. सरांचा हात खिशाकडे जातो तेव्हा तो म्हणतो, पैसे नकोत, फक्त पाठीवर हात ठेवा. कवितेचं नाव 'रीढ़'. खाली अनेकदा एकच नाव असतं, गुलजार.

मराठी वाचकाला दोन ओळींतच ओळख पटते. ही तर आपली 'कणा'! कुसुमाग्रजांची. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून शिक्षक दिनाच्या भाषणापर्यंत आपण ती शंभरदा ऐकलेली असते. मग कुणीतरी कमेंटमध्ये 'चोरी' असं लिहितं, दुसरा गुलजार यांची बाजू घेतो आणि भांडण पेटतं.

चोरीबिरी काही नाही. गुलजार यांनी 'कणा'चा अनुवाद केला आहे, तोही मूळ कवीचं नाव घेऊन. कुसुमाग्रजांच्या निवडक कवितांचं त्यांनी केलेलं भाषांतर पुस्तकरूपात उपलब्ध आहे. नाव गळालं ते फॉरवर्ड होता होता. पण या गोंधळामागे एक मोठी गोष्ट आहे. चित्रपट दिग्दर्शक, गीतकार, ऑस्करविजेते गुलजार सगळ्यांना ठाऊक आहेत. दुसऱ्या भाषांतल्या कवींना स्वतःच्या भाषेत आणण्यासाठी आयुष्यातली बरीच वर्षं देणारे गुलजार त्या मानाने कमी ठाऊक आहेत.

दीना ते मुंबई, मधे एक न परत केलेलं पुस्तक

गुलजार यांचं मूळ नाव संपूरनसिंग कालरा. जन्म १८ ऑगस्ट १९३४, झेलम जिल्ह्यातल्या दीना या गावी. हे गाव आता पाकिस्तानात आहे. आई ते अगदी लहान असतानाच गेली. फाळणीच्या काळात कुटुंब दिल्लीत होतं आणि त्या वेळच्या दंगली या मुलाने डोळ्यांनी पाहिल्या. पुढे त्यांच्या कथा-कवितांत फाळणी पुन्हा पुन्हा येत राहिली. 'रावीपार' ही कथा वाचलेल्यांना ते वेगळं सांगायला नको. २०१३ मध्ये ते दीनाला जाऊन आले, तेव्हा मधे जवळजवळ पूर्ण आयुष्य गेलं होतं.

त्यांनी अनेक मुलाखतींत सांगितलेली एक आठवण इथे महत्त्वाची आहे. दिल्लीत वडिलांच्या दुकानाच्या गोदामात हा मुलगा रात्री झोपायचा. करमणूक म्हणून जवळच्या एका दुकानातून काही आण्यांत भाड्याने पुस्तकं आणायचा, बहुतेक रहस्यकथा. एका रात्रीत एक फडशा. रोज नवं पुस्तक मागणाऱ्या या गिऱ्हाइकाला वैतागून दुकानदाराने वरच्या फळीवरचं एक पुस्तक काढून हातात ठेवलं. रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'द गार्डनर'चा तो उर्दू अनुवाद होता. ते पुस्तक त्यांनी परत केलंच नाही.

म्हणजे या माणसाला कवितेचं वेड लागलं तेच एका अनुवादातून. आणि तो अनुवाद करणाऱ्याचं नाव या किश्श्यात कुठेच येत नाही! अनुवादकाच्या नशिबी असं अदृश्य होणं लिहिलेलंच असतं बहुधा.

मुंबईत आल्यावर पोटासाठी बेलासिस रोडवरच्या विचारे मोटर्स या गॅरेजमध्ये नोकरी. अपघातात खरवडलेल्या गाड्यांना मूळ रंगाशी जुळणारा रंग तयार करून लावायचा, हे काम. जुन्या रंगाशेजारी नवा रंग असा बसवायचा की जोड दिसू नये. अनुवादाची याहून चांगली उमेदवारी कुठली असणार, असा एक खट्याळ विचार मनात येतो. (ते स्वतः मात्र एवढंच सांगतात की या कामात वाचायला वेळ मिळायचा.)

याच काळात ते पुरोगामी लेखकांच्या बैठकांना जाऊ लागले. तिथून शैलेंद्र आणि शैलेंद्रंमुळे बिमल रॉय. 'बंदिनी' (१९६३) साठी त्यांनी एकच गाणं लिहिलं, गॅरेज सुटलं आणि ते बिमलदांचे सहाय्यक झाले. बिमलदांच्या भोवती सगळा बंगाली गोतावळा होता. गुलजार बंगाली शिकले, बोलू लागले आणि लहानपणी उर्दूतून भेटलेले रवींद्रनाथ मूळ भाषेत वाचू लागले.

सिनेमातही तेच

दिग्दर्शक म्हणून त्यांचे चित्रपट एका ओळीत मांडून बघा. पहिला 'मेरे अपने' (१९७१) हा तपन सिन्हांच्या 'आपनजन' या बंगाली चित्रपटावरून. 'खुशबू' शरच्चंद्रांच्या कादंबरीवरून. 'किताब' आणि 'नमकीन' समरेश बसूंच्या कथांवरून. 'इजाजत' सुबोध घोष यांच्या कथेवरून. 'अंगूर' शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'वरून. 'लेकिन' रवींद्रनाथांच्या 'क्षुधित पाषाण'वरून. या शेवटच्या चित्रपटाचं संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं आणि निर्मिती मंगेशकर कुटुंबाची.

नुसती कथा उचलून हिंदी पात्रांची नावं द्यायची, हा हिंदी सिनेमाचा जुना धंदा. गुलजार तसं करत नाहीत. मूळ लेखकाचं नाव ठेवतात आणि गोष्ट मात्र नव्या भाषेत पुन्हा रुजवतात. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली 'मिर्झा गालिब' मालिका हाही एका अर्थाने अनुवादच होता. एकोणिसाव्या शतकातल्या दिल्लीचा, गालिबच्या अवघड फारसी वळणाच्या उर्दूचा, टीव्हीसमोर बसलेल्या साध्या घरासाठी केलेला. नसीरुद्दीन शाह यांचा चेहरा आणि जगजीत सिंग यांचा आवाज यांमुळे ज्यांना उर्दूचा गंध नव्हता अशा मराठी घरांतही गालिब शिरला. आजही अनेकांच्या डोळ्यांसमोर गालिब म्हटलं की नसीरच येतो.

उर्दू कवी, पण वाचक देवनागरीत

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. गुलजार हिंदीतले की उर्दूतले, हा वाद नेहमी होतो. ते लिहितात हाताने आणि उर्दू लिपीत. २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना 'धुआँ' या उर्दू कथासंग्रहासाठी मिळाला. २०२३ चा ज्ञानपीठही उर्दूसाठीच. उर्दूला याआधी फिराक गोरखपुरी, कुर्रतुलऐन हैदर, अली सरदार जाफरी आणि शहरयार यांच्यामुळे ज्ञानपीठ मिळाला होता. गुलजार पाचवे. यातले सरदार जाफरी आणि गुलजार दोघेही मुंबईकर, ही आपल्याकडे फारशी न मिरवली गेलेली बाब.

पण त्यांची पुस्तकं सर्वाधिक खपतात ती देवनागरीत. ते स्वतः आपल्या भाषेला 'हिंदुस्तानी' म्हणतात. बोलताना हिंदी आणि उर्दू एकमेकींत मिसळलेल्या, कागदावर उतरल्या की लिपीमुळे वेगळ्या. शेजारच्या घरातली कविता आपल्याला ऐकू येते पण वाचता येत नाही, अशी ही स्थिती. महाराष्ट्रात तर ती रोजची. त्याच गावात मराठी शाळा, त्याच गावात उर्दू शाळा, आणि एका शाळेतल्या मुलाला दुसऱ्या शाळेच्या पुस्तकातलं अक्षरही लागत नाही.

म्हणूनच मराठी आणि उर्दू यांच्यात पूल बांधणारे गुलजार हे पहिले नव्हेत, हे सांगायला हवं. या कामात कोकण पुढे होतं. कोकणी मुसलमानांच्या घरात बोली कोकणी-मराठी वळणाची, शिक्षण अनेकदा उर्दूत. त्यामुळे दोन्ही भाषा एकाच माणसात नांदतात. रत्नागिरी जिल्ह्यातले बदीउज्जमा खावर (१९३८-१९९०) हे त्यातलं ठळक नाव. त्यांनी उर्दूत कविता लिहिल्या, मराठी कविता उर्दूत नेली आणि स्वतः मराठीत गझला लिहिल्या. 'खावर' हे त्यांचं तखल्लुस, म्हणजे कवी म्हणून घेतलेलं नाव. फारसीत त्याचा अर्थ पूर्व दिशा. पश्चिम किनाऱ्यावरच्या कवीने पूर्व दिशा नावात घ्यावी, हे छानच.

थोडं वर आलं की पनवेलचे सलाम बिन रज्जाक. हे कथाकार. २००४ चा उर्दूचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला आणि मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' त्यांनी उर्दूत नेली. २०२४ मध्ये ते गेले. या मंडळींची नावं मराठी वाङ्मयाच्या इतिहासात चुटपुटती येतात आणि उर्दूच्या इतिहासात 'प्रादेशिक' म्हणून बाजूला पडतात. गुलजार यांचं नाव मोठं, म्हणून त्यांच्या अनुवादाची बातमी होते. खावर यांच्या वाट्याला ते आलं नाही.

'कणा' हिंदुस्तानीत नेताना

परत त्या कवितेकडे येऊ. वाचायला साधी, पण अनुवादाला बसलं की अवघड.

पहिली अडचण शीर्षकाची. मराठीत कणा हा शब्द शरीराचा कमी आणि स्वभावाचा जास्त आहे. 'त्याला कणाच नाही', 'ताठ कण्याचा माणूस' हे आपण रोज बोलतो. 'रीढ़' हा हिंदी शब्द बोलताना बहुतेक वेळा हाडाला चिकटून येतो, 'रीढ़ की हड्डी' असा. गुलजार यांनी हाड सोडून नुसतं 'रीढ़' ठेवलं आणि कवितेच्या शेवटी तो शब्द माणसाच्या जिद्दीपर्यंत पोचेल अशी वाट केली.

दुसरी अडचण नदीची. कवितेतली नदी गंगामाई आहे. कुसुमाग्रज नाशिकचे. नाशकात गोदावरीलाच गंगा म्हणतात, 'गंगेवर जाऊन येतो' म्हणजे रामकुंडाकडे जाऊन येतो. मराठी वाचकाला, निदान नाशिककराला, ही आपली गोदामाई आहे हे न सांगता कळतं. 'गंगा' हा शब्द हिंदीत गेला की बनारस किंवा पाटण्याच्या वाचकाला तो त्याच्या दाराशी वाहणाऱ्या नदीचा वाटणार. अनुवादात काही हरवतं असं आपण नेहमी म्हणतो. इथे मात्र मिळालं. एका जिल्ह्याचा पूर अर्ध्या देशाचा झाला.

तिसरी सर्वांत अवघड. घरात शिरून धिंगाणा घालणाऱ्या नदीला कुसुमाग्रज माहेरवाशीण म्हणतात. एका शब्दात मराठी बाईचं अख्खं आयुष्य आहे. सासरी दबून असलेली मुलगी चार दिवस माहेरी येते आणि घरभर मोकळी होते. तिच्यावर रागावता येत नाही. म्हणून सर्वस्व नेणाऱ्या नदीवरही कवितेतला माणूस रागावत नाही. हिंदुस्तानीत माहेर म्हणजे 'मायका', पण माहेरवाशिणीला असा एक सुटा शब्द नाही. मायक्याला आलेली मुलगी, असं उलगडून म्हणावं लागतं. अर्थ पोचतो, पण मराठीत त्या एका शब्दाने जो गलका होतो तो थोडा शांत होतो. हे गुलजार यांचं अपयश नव्हे. ज्या भाषेत तो शब्दच नाही तिथे कवी तरी काय करणार?

कुसुमाग्रजांना स्वतःला हा खटाटोप नवा नव्हता. त्यांनी कालिदासाचं 'मेघदूत' मराठीत आणलं, शेक्सपिअरचा 'मॅकबेथ' त्यांच्याकडे 'राजमुकुट' झाला आणि 'किंग लिअर'ची सावली 'नटसम्राट'वर आहे हे सर्वश्रुत आहे. १९८७ चा ज्ञानपीठ मिळालेला एक अनुवादक कवी आणि २०२३ चा ज्ञानपीठ मिळालेला दुसरा, अशी ही गाठ आहे.

उलट प्रवास: गुलजार मराठीत

मराठीनेही हे ऋण ठेवलं नाही. गुलजार यांची 'त्रिवेणी' शान्ता शेळके यांनी मराठीत आणली. त्रिवेणी हा गुलजार यांनीच घडवलेला तीन ओळींचा प्रकार. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कमलेश्वर संपादक असताना 'सारिका' मासिकात या रचना आल्या. पहिल्या दोन ओळींत शेरासारखा एक विचार पूर्ण होतो. तिसरी ओळ येते आणि आधीच्या दोन ओळींचा अर्थच बदलून टाकते. प्रयागला गंगा-यमुना दिसतात आणि सरस्वती गुप्त असते, तशी ही तिसरी ओळ, म्हणून नाव त्रिवेणी. शान्ताबाई गेल्या जून २००२ मध्ये, म्हणजे हे काम त्यांच्या अगदी अखेरच्या काळातलं. नांदेडच्या विजय पाडळकरांनी 'रावीपार'च्या कथा मराठीत आणल्या. अरुण शेवते यांच्या 'ऋतुरंग' दिवाळी अंकातूनही गुलजार मराठी वाचकांना भेटत आले आहेत.

गुलजार मराठीत आणणं किती अवघड असेल, हे एका साध्या व्याकरणातून कळतं. उर्दूत दोनच लिंगं, मराठीत तीन. आणि गुलजार यांची कविता तर निर्जीव वस्तूंना माणूस करण्यावर उभी असते. रात्र रुसते, चंद्र खिडकीत येतो, स्वप्नं दार वाजवतात. कपाटाच्या काचेतून बघत राहणाऱ्या पुस्तकांवरची त्यांची कविता प्रसिद्ध आहे. उर्दूत 'किताब' स्त्रीलिंगी, त्यामुळे त्या बंद कपाटात कुणाचीतरी वाट बघणाऱ्या बायका आपोआप दिसतात. मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी. 'ती पुस्तकं बघत राहतात' म्हटलं की बाई नाहीशी झाली, उरली नुसती वस्तू. 'आवाज' उर्दूत स्त्री, मराठीत पुरुष. 'ख़्वाब' पुल्लिंगी, स्वप्न नपुंसकलिंगी. अनुवादकाला प्रत्येक ठिकाणी नवा मार्ग काढावा लागतो. कधी 'पोथी' म्हणायचं, कधी वाक्यच फिरवायचं. म्हणून गुगल ट्रान्सलेटने गुलजार वाचू नका, एवढंच सुचवावंसं वाटतं.

ठाकूर, आणि ३६५ कविता

त्या न परत केलेल्या पुस्तकाचं देणं गुलजार यांनी फेडलं २०१६ मध्ये. 'बाग़बान' आणि 'निंदिया चोर' या दोन पुस्तकांत त्यांनी रवींद्रनाथांच्या 'द गार्डनर' आणि 'द क्रेसेंट मून'मधल्या कविता मूळ बंगालीवरून आणल्या. रवींद्रनाथांनी स्वतःच आपल्या कविता इंग्रजीत केल्या होत्या, पण त्या गद्यासारख्या. लय बंगालीतच राहिली. भारतातल्या कितीतरी भाषांत ठाकूर पोचले ते या इंग्रजीवरून, म्हणजे नक्कलेची नक्कल. बंगाली शिकून मुळापर्यंत जाण्याचा गुलजार यांचा आग्रह म्हणूनच महत्त्वाचा. या कविता शंतनु मोइत्रांच्या संगीतात गाण्यांच्या रूपातही आल्या.

२०२० मध्ये त्याहून मोठं काम आलं, 'अ पोएम अ डे'. स्वातंत्र्यानंतरच्या काळातल्या ३६५ कविता, २७९ कवी, ३४ भाषा. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. भारतीय भाषांबरोबर शेजारी देशांतल्या भाषाही त्यात आहेत. निवड गुलजार यांची, हिंदुस्तानी अनुवादही त्यांचाच, सोबत इंग्रजी. आसामी कवी मराठी वाचकाला आणि मराठी कवी मल्याळी वाचकाला एकाच पुस्तकात भेटावा, असं काम संस्थेने करायचं असतं. ते एका माणसाने ऐंशी पार केल्यावर पूर्ण केलं.

कौतुक करताना एक गोष्ट मात्र नोंदवावी लागेल. ३४ भाषा कुणालाच येत नाहीत. बंगाली गुलजार यांना येते, मराठी त्यांच्या कानावर वर्षानुवर्षं आहे. पण बाकी अनेक भाषांसाठी इंग्रजीच्या किंवा जाणकारांच्या मदतीवरच अवलंबून राहावं लागतं. त्यामुळे या जाड ग्रंथात काही ठिकाणी वेगवेगळे कवी एकाच आवाजात, चक्क गुलजार यांच्या आवाजात, बोलताना ऐकू येतात. कुसुमाग्रज आणि ठाकूर यांच्या अनुवादात हे कमी जाणवतं. जिथे मूळ भाषा कानाने ऐकली आहे, तिथे अनुवादकाने आपला आवाज खाली आणलेला कळतो.

मग फॉरवर्डचं काय?

'स्लमडॉग मिलेनिअर'मधल्या 'जय हो'ला २००९ मध्ये ऑस्कर, पुढच्या वर्षी ग्रॅमी, २०१३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, त्याआधी २००४ मध्ये पद्मभूषण. एवढं मोठं नाव झालं की त्याखाली काहीही खपतं. इंटरनेटवर दोन प्रकारच्या चुका रोज होतात. एक, कुणीही लिहिलेल्या चार चटपटीत ओळी गुलजार यांच्या फोटोवर चिकटवल्या जातात. दुसरी जास्त नाजूक. अनुवाद खरा, गुलजार यांचाच, पण मूळ कवीचं नाव गळालेलं. पहिल्या चुकीत गुलजार यांच्यावर अन्याय. दुसरीत कुसुमाग्रजांवर, आणि दोन नावं लिहिण्याची तसदी घेणाऱ्या गुलजार यांच्यावरही.

ओळखायचं कसं? पोस्टमध्ये पुस्तकाचं नाव नसेल, तर संशय घ्यावा. ओळी फार सुविचारासारख्या वाटल्या, म्हणजे 'जिंदगी', 'रिश्ते', 'वक्त' असे शब्द भरून अर्थ जागच्या जागी, तर त्या बहुधा त्यांच्या नाहीत. गुलजार यांच्या ओळीत साधारणपणे एखादी वस्तू असते. चष्मा, दरवाजा, विणकराचा माग, विझलेली विडी. आणि कविता ओळखीची वाटली, आपल्या भाषेत कधीतरी ऐकलेली वाटली, तर ती खरंच आपल्या भाषेतली असू शकते.

'रीढ़' पुन्हा ग्रुपवर आली तर खाली दोन्ही नावं लिहा. मूळ कविता 'कणा', कवी कुसुमाग्रज, अनुवाद गुलजार. दर २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिनाची पोस्ट टाकणाऱ्यांनी तर जरूर लिहा.